सिनेमाचा जामीनदार

मराठी माणसाला "सिनेमा कसा वाटला?" असं विचारावं आणि त्याने सरळ उत्तर द्यावं, हा योग माझ्या पत्रिकेत नाही. तो आधी चष्मा काढतो, शर्टाच्या टोकाने पुसतो, परत घालतो, आणि मग कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखा आवाज काढून म्हणतो, "बरा आहे. एकदा बघायला हरकत नाही."

ह्या वाक्याचा मी पुष्कळ अभ्यास केला आहे. 'बरा' म्हणजे किती बरा, याला काही माप नाही. तापातून उठलेला माणूसही बराच असतो. 'एकदा' हा शब्द निव्वळ शोभेचा, कारण दोनदा बघायला सांगितलंय कुणी? खरी मेख आहे ती 'हरकत नाही' मध्ये. हा चक्क ना-हरकत दाखला झाला! आणि ना-हरकत दाखल्याची गंमत अशी की देणाऱ्यावर त्याची कसलीच जबाबदारी येत नाही. सोसायटीने तुम्हाला गच्चीवर मांडव घालायला ना-हरकत दिली, याचा अर्थ मांडव कोसळला तर कमिटीचे मेंबर तो हाताने धरून उभे राहतील, असा नव्हे.

मी एका बँकेत कारकून आहे. (बँकेचं नाव सांगत नाही. तिलाही माझं नाव सांगायला फारसं आवडत नाही.) बावीस वर्षं काउंटरवर काढल्यावर मला माणसांच्या दोन जाती ओळखता येऊ लागल्या आहेत. एक ना-हरकतवाले आणि दुसरे जामीनदार. "माणूस अगदी सोन्यासारखा आहे हो!" असं सांगायला कर्जदाराबरोबर दहा जण येतात. "छान! मग इथे जामीनदार म्हणून सही करा," म्हटलं की नऊ जणांना एकदम घरी गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं. दहावा मात्र खुर्ची ओढून बसतो, पेन मागतो, एकदा कर्जदाराच्या तोंडाकडे नीट बघतो आणि सही करतो. त्या एका सहीत जेवढं मत असतं, तेवढं उरलेल्या नऊ जणांच्या भाषणात नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की सिनेमाबद्दल मत द्यायचं तर ते या दहाव्या माणसासारखं द्यावं.

आता तुम्ही म्हणाल, त्यासाठी वर्तमानपत्रांतले तारे आहेत की! आहेत. पण ते तारे आकाशातल्या ताऱ्यांइतकेच दूरचे. त्यातून बघावं तेव्हा साडेतीन! आपल्याकडे साडेतीन हा आकडा आधीच शुभ. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन. त्यामुळे सिनेमालाही साडेतीन तारे दिले, की समीक्षकाला पुण्य लागत असावं. माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला प्रश्न पडतो तो त्या अर्ध्याचा. आम्ही पैशापर्यंत हिशेब जुळवतो, तेव्हा कुठे संध्याकाळी घरी जातो. अर्धा तारा नेमका कशाचा कापला, हे कुणीच लिहीत नाही. व्हाउचरशिवाय कापाकापी आमच्याकडे चालत नाही.

म्हणून मी स्वतःची पद्धत काढली. हिशेब सोपा आहे. चार माणसांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला न्यायचं, तर तिकिटं, जायची-यायची रिक्षा आणि मध्यंतरातले पॉपकॉर्न (जे खरं म्हणजे सराफाकडे तोळ्यावर विकायला हवेत) धरून दोन हजार रुपये सहज उडतात. दोन हजारांची नोट रिझर्व्ह बँकेने २०२३ साली चलनातून मागे घेतली, खर्च मात्र मागे घेतलेला नाही. म्हणजे मी तुम्हाला "अमुक सिनेमा बघाच" म्हणतो, तेव्हा मी तुमच्या खिशातल्या दोन हजारांना हात घालतो. मग प्रश्न असा, की सिनेमा बुडाला तर त्यातल्या किती रुपयांना मी जामीन राहायला तयार आहे? तो आकडा म्हणजे माझं मत. कमाल मर्यादा रुपये दोन हजार फक्त.

१ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी मिळू लागली. लोकांना वाटतं, आम्ही त्या दिवशी झोपतो. आमच्या घरी त्या दिवशी सिनेमा असतो, बहुतेक वेळा घरच्याच पडद्यावर. निवड पाळीपाळीने. एकदा आईची, एकदा हिची, एकदा कन्येची, एकदा माझी. गेल्या चार महिन्यांत असे आठ शनिवार झाले. काही सिनेमे नवे, काही जुने, काही पुन्हा पाहिलेले. त्यांची ही खतावणी.

पहिली पाळी माझी होती. मी परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) लावला. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला, त्याची ही हकिगत. नंदू माधव फाळके आणि विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. थोरांवरचा सिनेमा म्हटला, की पहिल्या फ्रेमपासून नायकाच्या मागे उदबत्ती लावलेली असते. इथे ती नाही. इथला फाळके हा एक उत्साही, थोडासा विक्षिप्त, सतत काहीतरी खटपट करणारा गृहस्थ आहे, आणि घरातली एकेक वस्तू विकायला निघाली तरी बायको कपाळाला हात लावून बसत नाही, कॅमेऱ्याला हात लावून बघते. मला तर तो सिनेमा कर्जखात्याचा प्रशिक्षणपट म्हणून दाखवावासा वाटतो. अर्जदाराचा व्यवसाय? चित्रपट काढणे. हा व्यवसाय देशात आणखी कोण करतं? अजून कुणी नाही. तारण? विम्याची पॉलिसी आणि वाटाण्याचं रोप हळूहळू वाढताना दाखवणारी छोटीशी फिल्म! आमच्या शाखेत हा अर्ज आला असता, तर तो "त्रुटी पूर्ण करून सादर करावा" असा शेरा मारून परत गेला असता, आणि भारतीय सिनेमा ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागायचा राहिला असता. सिनेमात काम करतो म्हणायची लोकांना लाज वाटे, म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत, 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरी करतो' असं सांगा. तक्रार करायची तर एवढीच, की सगळं इतकं हसतखेळत चालतं, की त्या माणसाने पणाला काय लावलंय, याचं ओझं आपल्या खांद्यावर पुरेसं येत नाही. जामीन रुपये पंधराशे.

पुढच्या शनिवारी कन्येची पाळी. ती बारावीला आहे, त्यामुळे तिला जगातलं सगळं कळतं. तिने चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) लावला. कॅमेरा एका जागी ठेवून दिग्दर्शक चहा प्यायला गेला असावा, असं आईला पहिली दहा मिनिटं वाटलं. मी मात्र सावरून बसलो. कारण आयुष्यात प्रथमच पडद्यावर खरं ऑफिस दिसत होतं. आपल्या सिनेमातल्या कोर्टांत टेबलं आपटतात, साक्षीदार धावत येतात, न्यायाधीश हातोडा मारतात. इथे न्यायाधीश शांतपणे टंकलेखनिकाला मजकूर सांगतात, वकील शांतपणे कलमं वाचतात आणि पुढची तारीख पडते. एका बाईंची सुनावणी त्यांनी बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून त्या दिवशी होतच नाही. आणि या सगळ्याच्या मध्ये नारायण कांबळे नावाचा एक म्हातारा लोकशाहीर बसलेला. (हे काम वीरा साथीदारांनी केलं. ते २०२१ मध्ये गेले.) त्याचं गाणं ऐकून म्हणे एका गटार-कामगाराने जीव दिला!

गंमत अशी, की सिनेमात खलनायक कुणीच नाही. सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी) दिवसभर या म्हाताऱ्याविरुद्ध कलमं वाचतात आणि संध्याकाळी चारचौघींसारख्या लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. प्रत्येक जण फक्त आपापलं काम करतोय. आणि तेवढ्यावरच एका माणसाची वर्षं जातात. सिनेमा संपल्यावर कन्या म्हणाली, "बाबा, तुमच्या बँकेतही असंच असतं का?" मी म्हटलं, "नियम असतात बेटा." ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला मी घाबरतो.

माझे सासरे कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना मी हा सिनेमा स्वतः फोन करून सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "जावईबापू, हा सिनेमा कसला? मी छत्तीस वर्षं हेच बघितलं!" याहून मोठं प्रशस्तिपत्र मला तरी ठाऊक नाही. जामीन पुरे दोन हजार. फक्त पोट भरलेलं आणि झोप झालेली असावी, ही अट. सिनेमा संथ आहे, आणि तो तसाच असायला हवा. अन्याय धावत येत नाही, तारखेतारखेने येतो.

मग आईची पाळी. आईने 'नटसम्राट' लावला. शिरवाडकरांचं नाटक १९७० चं, महेश मांजरेकरांचा सिनेमा २०१६ चा, नाना पाटेकर बेलवलकर. आईने सुरुवातीलाच पदर हाताशी घेतला होता, त्यामुळे तिच्या मताची दिशा स्पष्ट होती. मला त्यात सर्वांत आवडले ते नाना आणि विक्रम गोखले यांचे दोघा मित्रांचे प्रसंग. दोन कसलेले नट समोरासमोर बसले, की दिग्दर्शकाने नुसतं दार लावून घ्यावं, आत कुणाला सोडू नये. पण बाकी सिनेमात रडायचं कधी, हे पार्श्वसंगीत आपल्याला आधी येऊन सांगून जातं. आईला मदत होते, मला मात्र कुणी तरी चिमटा काढून रडवतंय असं वाटत राहतं.

आणि खरं सांगू का? बेलवलकर निवृत्त होताच सगळी मिळकत मुलांना वाटून मोकळे होतात, तो प्रसंग मी महिन्यातून दोन-तीनदा काउंटरवर बघतो. तिथे संगीत नसतं. म्हातारा माणूस मुदतठेवीची पावती घेऊन येतो, मागे मुलगा उभा असतो. मुदत संपायला चार महिने असतात. मी विचारतो, "काका, आत्ताच मोडायची आहे का? व्याज कमी मिळेल." काका मागे बघतात. मुलगा म्हणतो, "बाबा, इथे सही." बस्स. मुलगा वाईट असतो असंही नाही. त्याचीही काही नड असते. काका सही करतात आणि पेन टोपण लावून मला परत देतात. हे टोपण लावणं मला कुठल्याही स्वगतापेक्षा मोठं वाटतं. जो सिनेमा हे टोपण दाखवील, त्याला मी डोळे मिटून जामीन राहीन. 'नटसम्राट'ला सातशे. आईने स्वतःच्या जबाबदारीवर आणखी तेराशे घातले आहेत, ते तिच्या खात्यावर.

आमच्या हिने 'बाईपण भारी देवा' लावला. केदार शिंदेंचा हा सिनेमा २०२३ साली थिएटरात आला, तेव्हा ही सोसायटीतल्या अकरा जणींबरोबर नऊवारी नेसून गेली होती. त्या दिवशी आम्ही अकरा नवरे आपापल्या घरी आमटी गरम करत होतो. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा, एवढंच कथानक. टीकाकार म्हणून मला म्हणायचं होतं, की दिग्दर्शकाने सहा जणींना रेशनच्या धान्यासारखी एकेक अडचण वाटून दिली आहे आणि शेवटी सगळ्यांची कार्डं एकदम जमा करून घेतली आहेत. मी तसं म्हणालोही. त्यावर ही म्हणाली, "अहो, अडचणी सोप्या करून सुटल्या, हे आम्हालाही कळतं. पण चाळिशीपुढची बाई पडद्यावर येते आणि ती कुणाची तरी आई म्हणून ताट वाढून आत निघून जात नाही, असे सिनेमे तुम्ही किती मोजलेत? मोजा आणि मग बोला. तुम्हाला मोजायची आवड आहे ना?"

मी मोजायला बसलो. एका हाताची बोटं संपायच्या आत मला चहा घ्यावासा वाटला. जामीन हजार रुपये, पण संयुक्त सही. सहअर्जदार सौ.

माझ्या पुढच्या पाळीला 'देऊळ' (२०११). गिरीश कुलकर्णींचा केश्या आपली हरवलेली गाय शोधत उन्हात हिंडतो, औदुंबराखाली झोपतो आणि त्याला दत्त दिसतो. बस्स, मंगरूळ गावाचं नशीब पालटतं. अण्णांनी (दिलीप प्रभावळकर) गावासाठी आखलेला हॉस्पिटलचा प्रकल्प बाजूला पडतो आणि देवळाचा मंजूर होतो. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी केश्याच्या श्रद्धेला कुठेही हसत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ते हसतात ते एका भोळ्या माणसाने पाहिलेलं स्वप्न दुसरेच लोक आपल्या नावे कसं जमा करून घेतात, त्या व्यवहाराला. माझ्या काउंटरवरून हा व्यवहार मला नीट समजतो. जमा करणारा एक, काढणारा दुसरा. उत्तरार्धात दुकानं आणि जत्रा जरा जास्तच वेळ चालते, त्यापोटी चारशे कापले. व्हाउचर जोडलं आहे. जामीन सोळाशे.

मग पुन्हा कन्या, आणि नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (२०१३). जब्या नावाचा पोरगा काळी चिमणी शोधतोय आणि वर्गातल्या शालूकडे बघतोय, तोवर आपण निवांत असतो. मग त्याच्या घरच्यांना गावातली डुकरं पकडायला लावतात. गाव कडेला उभं राहून मजा बघतं. ऐन पकडापकडीत शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि ते सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर अर्थातच उभं राहत नाही. आमच्या सोफ्यावर मला त्या क्षणी हसू आलं, आणि मग बाजूला बघितलं तर कन्या माझ्याकडे बघत होती. सिनेमा हेच करतो. तो आधी आपल्याला गावकऱ्यांत नेऊन उभं करतो आणि मग शेवटी जब्याच्या हातात दगड देतो. तो दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो. मी मान बाजूला घेतली. आईने विचारलं, "काय रे, मान आखडली का?" जामीन दोन हजार, आणि वर लागेल तो दंड.

मध्यंतरी हिच्या पाळीचा एक ऐतिहासिक सिनेमाही झाला. त्याचं नाव घेत नाही. बँका कर्जबुडव्यांची नावं जाहीर करतात, पण माझं मन तेवढं मोठं नाही. त्यात तलवारी हळू चालत होत्या, घोडे हळू चालत होते, दाढ्यासुद्धा हळू हलत होत्या. फक्त घड्याळ हळू चालत असल्याचं आपलं आपल्याला समजत होतं. एकही पात्र साधं बोलत नव्हतं. पाणी मागायचं असलं तरी ते आधी मातीची शपथ घेत होतं. जामीन शून्य.

आणि 'अशी ही बनवाबनवी'? तो कुणी लावत नाही, तो लागलेलाच असतो. १९८८ पासून हे आमचं चालू खातं आहे. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान' वरून तो बेतला, हे कितीदा सांगितलं तरी कुणाला दुःख होत नाही. लोक त्यातल्या सत्तर रुपयांच्या विनोदाबद्दल बोलतात. मी गृहकर्जाच्या टेबलावर चार वर्षं बसलेलो असल्यामुळे मला तो वेगळाच दिसतो. चार तरण्याताठ्या पुरुषांना शहरात राहायला जागा मिळत नाही, म्हणून त्यातल्या दोघांना लुगडं नेसावं लागतं! पायाच इतका खरा आहे, की वर कितीही मजले खोटे चढवले तरी इमारत हलत नाही. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासाठी जामीनदार शोधायचा म्हणजे टांकसाळीच्या नाण्याला दातांनी चावून बघण्यासारखं आहे.

आता जरा गंभीर मुद्दा. आमच्याकडे कर्जात 'प्राधान्य क्षेत्र' नावाचा एक प्रकार असतो. शेती, लहान उद्योग वगैरेंना ठरावीक वाटा द्यायचाच. शेतीसाठी ते योग्यच. पण मराठी सिनेमालाही आपण मनातल्या मनात याच क्षेत्रात टाकून ठेवलंय. "मराठी असूनही चांगला आहे." "आपलाच आहे, बघायला पाहिजे." "मराठीच्या मानाने तांत्रिक बाजू बरी आहे." ही वाक्यं आपण प्रेमाने बोलतो आणि बोलताना नकळत पाठीवर थाप मारतो, अशक्त पोराच्या मारतात तशी. २०१५ साली सरकारनेही मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी सिनेमा मोक्याच्या वेळी दाखवा म्हणून सांगितलं. खेळाची वेळ सरकार मिळवून देऊ शकतं. खुर्चीत माणूस बसवणं सरकारच्या हातात नाही. तो शेजाऱ्याच्या शब्दावर येतो.

आणि ज्या भाषेने १९५३ च्या 'श्यामची आई'ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं, जिच्या 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' यांनी पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पुरस्कार घेतले, तिला ग्रेसचे गुण कशाला? ग्रेसने सुमार सिनेमा पास होतो, हे नुकसान लहान. मोठं नुकसान असं, की उत्तम सिनेमाही त्याच ओळीत जाऊन उभा राहतो. सगळ्यांनाच "एकदा बघायला हरकत नाही" म्हटलं, की ज्याला खरोखर बघायला हवं त्याच्यासाठी आपल्याजवळ शब्दच उरत नाही. आणि असा सिनेमा शुक्रवारी येतो, आपण "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतो, आणि पुढच्या आठवड्यात तिथे दुसऱ्याच कुणाचं तरी पोस्टर असतं.

आठव्या शनिवारी आईची पाळी होती. तिने 'श्वास' (२००४) लावला. संदीप सावंतांचा. कोकणातले आजोबा नातवाला शहरातल्या डॉक्टरांकडे आणतात. पोराच्या डोळ्यांत कर्करोग. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. हे त्या पोराला सांगायचं कसं? शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलातून नाहीसे होतात. डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवून आणायला. अरुण नलावडे आजोबा आणि अश्विन चितळे परशा. कथा ऐकली तर वाटेल, रडवायला याहून सोपी कथा नाही. आणि सगळी कमाल हीच, की सिनेमा रडवायला बसत नाही. आजोबा फॉर्म भरतात, रांगेत थांबतात, डॉक्टरांच्या दाराशी घुटमळतात. अडाणी माणूस मोठ्या इमारतीत शिरल्यावर जसा उभा राहतो, दोन्ही हात कुठे ठेवावेत न कळून, तसे नलावडे उभे राहतात. असे आजोबा आमच्या काउंटरपुढेही उभे असतात. बोटाने खिडकीचा नंबर तपासत असतात आणि विचारायला कचरत असतात. 'श्वास' पाहिल्यापासून मी त्यांना आधी विचारतो, "काय काम होतं, आजोबा?" एवढा फरक एखाद्या सिनेमाने एका कारकुनात घडवला, तर त्याला किती तारे द्यायचे? आणि अर्धा कशाचा कापायचा? दोन हजारांची मर्यादा मीच ठरवली होती, ती या एका खात्यापुरती मीच उठवतो. जामीन अमर्याद.

आईने डोळे पुसले नाहीत. ती बराच वेळ नुसती बसून राहिली, आणि मग म्हणाली, "त्या पोराला त्यांनी समुद्र दाखवला असता तर मीही गेले असते रे बघायला." याचा अर्थ काय, ते मला सांगता येणार नाही. पण माझ्या वहीत 'श्वास'पुढे आकड्याच्या जागी मी तेच वाक्य लिहून ठेवलं आहे.

गेल्या सोमवारी पासबुक छापायला एक काका आले होते. यंत्र नेहमीप्रमाणे रुसलेलं, तेव्हा आमच्या गप्पा निघाल्या. म्हणाले, "पोरगा आणि सून येणार आहेत शनिवारी. चौघं मिळून काहीतरी बघू म्हणतोय. तुम्ही बरेच सिनेमे बघता म्हणे. काय बघावं?" मागे सात माणसांची रांग होती. मी पैसे काढायची एक स्लिप उलटी केली, मागे सिनेमाचं नाव लिहिलं आणि सवयीने खाली सही केली. काकांनी स्लिप हातात घेतली, उलटसुलट केली, चष्मा वर करून सही नीट वाचली.

"सही कशाला?" ते म्हणाले.

"नाही आवडला तर परत आणा," मी म्हटलं. "दोन हजारांपर्यंत बघतो."

रांगेतला दुसरा माणूस वाकून म्हणाला, "साहेब, मलाही एक द्या."